हळू घंटीला लावलेली टाकी

गुळगुळीत दगड दळत नाही. माझा जन्मभराचा धंदा एवढ्या एका गोष्टीवर चालला.

पिठाच्या गिरणीत दोन दगड असतात. एक बसून राहतो, दुसरा फिरतो. मधल्या भोकातून धान्य आत उतरतं, दगडावर कोरलेल्या चरांमधून कापलं जात जात कडेला येतं आणि पीठ होऊन बाहेर पडतं. दळून दळून चर झिजतात. मग दगड नुसता घासतो, पीठ चटका बसेल एवढं गरम होतं, त्याला करपट वास येतो, पोळी फुगत नाही आणि बायका गिरणीवाल्याच्या अंगावर येतात. गिरणीवाला माणूस पाठवून मला बोलावतो. मी दगड उलटा करून घेतो, समोर बसकण मारतो आणि छिन्नी-हातोडीनं ते चर पुन्हा उठवून देतो. ह्याला टाकी लावणं म्हणतात. बडोद्यात गिरणीला घंटी म्हणतात, म्हणून मी घंटीचा टाकीवाला. गुजराती लोक मराठी काका म्हणायचे. दोन्ही नावांना ओ देत आलो.

मंडळाच्या दिवाळी अंकाचा ह्या वर्षीचा विषय ‘संथ जगणं’ असा आहे म्हणे. अंकाचं बघणाऱ्या बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, काका, तुम्ही त्या हळू गावात काम केलंत, तुम्ही लिहाच. मी म्हटलं, बाई, काम केलं, पण मला ते गाव कळलं नाही. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. तरी लिहितो, कारण मी नाही म्हटलं तर त्या दुसऱ्या कुणाला विचारतील आणि तो चुकीचं लिहील.

गुजरात वेगळं झालं त्यानंतर काही वर्षांनी माझा बाप आम्हाला घेऊन नंदुरबारकडून इकडे आला. दगडाचं काम घरातलंच. बाप रस्त्याची खडी फोडायचा. आई घरोघरी फिरून जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावायची. मला दोन्ही नको होतं. खडी म्हणजे गाढवकाम आणि जातं म्हणजे बायकांचं. मला आवडली ती मोटरवरची घंटी. पट्टा फटाफट फिरायचा, पत्रे थरथरायचे, शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतो ते ऐकू यायचं नाही. मी म्हटलं, हे काम माझं. अजून माझ्या हातांच्या पाठीवर काळे ठिपके आहेत. छिन्नीचे कण उडून कातडीत बसतात, ते पुन्हा निघत नाहीत. गिरणीवाला नवा माणूस ठेवताना त्याचं तोंड नाही, हात बघायचा.

माझं नाव झालं ते वेगामुळे, हे स्पष्ट सांगतो. दुसऱ्याची टाकी लागलेली घंटी ढेकर देत देत दळायची, माझी घंटी भरभर ओकायची. चर उथळ, जवळजवळ आणि कडेला मोकळे. धान्य आत गेलं की वेगानं बाहेर फेकलं गेलं पाहिजे, थांबता कामा नये. थांबलं की तापलं. हे माझं शास्त्र. बडोद्यातल्या बऱ्याच घंट्या ह्या शास्त्रावर चालल्या.

आता लोक म्हणतात, पूर्वी सगळं संथ होतं. कुठं होतं ते मला दाखवा. आठवड्यातून एकदा वीज बंद असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कारेलीबागेतल्या एका घंटीवर मी बसलेलो असायचो, दगड उघडा, आणि बाहेर डब्यांची रांग कोपऱ्यापर्यंत. प्रत्येकीला आधी पाहिजे. श्रावणात तर विचारू नका. उपासाचा राजगिरा आणि सामा, म्हणजे आपली वरई, दळायचा तर त्याआधी दगडाला गव्हाचा कणसुद्धा लागलेला चालायचा नाही. एकजण ओरडायची, ‘काका, हात चालवा ने!’ दुसरी म्हणायची, ‘माझ्या आधी बाजरी दळली का? मग मी नाही टाकणार.’ तिसरी कधीपासून उभी आहे हे तिलाच माहीत नसायचं.

एक आपल्यातल्याच बाई होत्या, जुन्या संस्थानी घरातल्या, मान मोठा. त्या नोकराबरोबर डबा पाठवायच्या आणि डब्याला कुलूप. पीठ कोणी बदलू नये म्हणून. किल्ली नोकराच्या गळ्यात. एकदा तो किल्ली घरी विसरला. घंटीवाल्यानं डबा तसाच परत पाठवला. बाई स्वतः रिक्षा करून आल्या, उतरल्या, आणि भर रांगेत मला म्हणाल्या, ‘तुम्ही टाकीवाले ना? मग तुम्हाला एक कुलूप तोडता येत नाही?’ मी म्हटलं, बाईसाहेब, दगड फोडतो, विश्वास फोडत नाही. त्या आधी रागावल्या आणि मग हसल्या. त्यांनी रांग मात्र मोडली. सगळ्यांच्या आधी दळून घेऊन गेल्या. असं होतं ते संथ जगणं.

मग घरघंटी आली. लाकडी कपाटासारखी पेटी, आत छोटी चक्की, दाणे टाका आणि बटण दाबा. तिला दगड नाही, म्हणून टाकी नाही. एकेक करून गल्लीतल्या घंट्या बंद झाल्या. शेवटी मुलगा मांजलपूरला फ्लॅट घेऊन राहिला, तिथं मी गेलो, तर स्वयंपाकघरात तीच पेटी. सूनबाई चांगली आहे, पण जीभ तिखट. म्हणाली, ‘बाबा, तुमची छिन्नी आता म्युझियमला देऊन टाका.’ मी छिन्नी पलंगाखाली ठेवली आणि त्या पेटीच्या पिठाची पोळी मी खाणार नाही असं सांगितलं. पुढं खावी लागली. भूक लागते.

असे दिवस चालले असताना एक मुलगी स्कूटरवरून आमच्या सोसायटीत आली. नाव ऋता. माहेर कारेलीबागेतलं, मराठी. नवरा धवल, गुजराती. दोघं कंपनीत नोकरीला होते, ती सोडून धवलच्या गावी राहायला गेलेले. गाव डभोईच्या पुढं, छोटंसं शहरच, बाजारपेठ आहे, नगरपालिका आहे. नाव लिहू नका असं तिनंच सांगितलंय, म्हणून नुसतं गाव म्हणतो.

‘काका, आमच्या गावात एक बंद पडलेली घंटी आहे,’ ती म्हणाली. ‘आम्हाला ती हळू चालवायची आहे.’

‘हळू म्हणजे? मोटर खराब आहे का?’

‘नाही. मुद्दाम हळू. म्हणजे पीठ थंड राहतं. आम्ही गावात सगळंच हळू करतोय.’

‘का?’

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय. मी खरंच विचारत होतो.

सूनबाई मध्येच म्हणाली, ‘घेऊन जा त्यांना, ताई. इथं दिवसभर माझ्या घरघंटीकडे डोळे वटारून बसतात.’

मी गेलो. गावाच्या तोंडाशी पाटी होती, त्यावर एकच शब्द, ‘धीमे’. मला वाटलं रस्त्याचं काम चाललंय. आत गेलो तर रस्ता चांगला होता. बाजाराच्या गल्लीत दुपारपर्यंत वाहन न्यायचं नाही असं ठरलेलं. चहा कुल्हडात. फरसाणवाला कागदाच्या पिशवीऐवजी पळसाच्या पानात बांधून देत होता आणि गाठोडं सुटून लोकांच्या अंगावर तेल सांडत होतं. दुकानं दुपारी बंद. ती पहिल्यापासूनच दुपारी बंद असायची, झोपायला. आता त्याला कारण मिळालं. कोणी पिशवी मागितली तर दुकानदार म्हणायचा, ‘घेरथी लावजो ने, आपणुं गाम धीमुं छे.’ म्हणजे घरून आणा, आपलं गाव हळू आहे. पिशवीचा आणि हळूचा काय संबंध ते मी त्याला विचारलं. त्यानं मला चहा पाजला.

घंटी होती कपिलाबेनची. नवऱ्यानं सुरू केलेली, तो वारल्यावर त्यांनी एकटीनं चालवली, आणि गिऱ्हाईक तुटल्यावर दोन-तीन वर्षं बंद. माझ्याच वयाच्या असतील, थोड्या लहान. गुडघे गेलेले, आवाज खणखणीत. बोलायच्या गुजराती, मी इथं बरंचसं मराठीत लिहितो. घंटीच्या मागंच त्यांची खोली. एकच मुलगी, भावना, सुरतेला दिलेली. ती म्हणत होती, बा, एकटी राहू नको, घंटी बंद कर, जागा मोबाईलवाल्याला भाड्यानं दे आणि माझ्याकडं ये. कपिलाबेननं तिला शब्द दिला होता. दिवाळीपर्यंत घंटी चालू झाली तर इथं राहीन, नाही झाली तर येईन.

मला हे पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. वर म्हणाल्या, ‘भाई, सुरतेच्या फ्लॅटात मी काय करू? तिथं तर धूळसुद्धा नाही झाडायला.’

मी म्हटलं, ‘बेन, माझी टाकी आजवर फसली नाही.’

दगड उलटे केले. बरे होते, पण गुळगुळीत, जसा पायरीचा दगड. बसलो ठोकायला. तीच माझी पद्धत, उथळ चर, जवळजवळ, कडेला मोकळे. हात विसरला नव्हता. गावातले लोक बघायला येत होते, फोटो काढत होते. ऋता सगळ्यांना सांगत होती, हे आपले काका, जुने कारागीर. जुने ह्या शब्दाचा मला राग आला, पण फोटोत चेहरा ठीक ठेवला.

टाकी लागल्यावर पहिलं दळण कोणी खायचं नसतं, त्यात दगडाची कच असते. ते पीठ पतंग चिकटवायच्या खळीसाठी पोरांना देऊन टाकतात. म्हणून धवलनं थोडं हलकं धान्य टाकलं आणि मोटर चालू केली. वेग कमी व्हावा म्हणून त्यानं आधीच मोठी पुली बसवून ठेवली होती. घंटी फिरायला लागली, ती जेवून उठलेल्या म्हशीसारखी. मला हसू आलं.

मग आलं नाही. पीठच बाहेर येईना. आत अडकून राहिलं. बऱ्याच वेळानं कडेनं गोळे गोळे पडायला लागले. मी हात लावला, तर गरम. नेहमीच्या वेगात निघतं त्याच्यापेक्षाही गरम.

‘काका,’ ऋता म्हणाली, ‘थंड राहावं म्हणून तर हळू केलं ना आपण?’

‘टाकी बरोबर आहे. तुमचा वेग चुकला.’

धवल म्हणाला, ‘काका, थोडा वेग वाढवून बघू या का?’

‘वाढवायचा तर पूर्वी होता तेवढाच वाढवा. दगड धावण्यासाठी असतो.’

‘पण मग त्यात आणि गल्लीतल्या दुसऱ्या घंटीत फरक काय राहिला?’ ऋता म्हणाली. रागावून नाही, पण सोडायलाही तयार नाही. माझ्यासारखीच हट्टी. ‘काका, हळू वेगाची वेगळी टाकी नसते का?’

‘नसते.’

‘नक्की?’

‘मी जन्म घातला ह्यात. तू परवा आलीस.’

मग कोपऱ्यातून कपिलाबेननं विचारलं, ‘भाई, एटले हवे नहीं चाले?’ म्हणजे आता नाही चालणार? बस, एवढंच. मी छिन्नी-हातोडी पिशवीत भरली आणि चालू लागलो. लोकांना वाटलं मी चिडलो. चिडलोच होतो, पण कोणावर ते मला ठरवता येईना.

आता त्या गावातून निघून जाणं सोपं नाही. बाजारात वाहन नाही. रिक्षा नाक्याच्या पलीकडं नेलेल्या. नाक्यावर गेलो तर कळलं, बडोद्याची बस चुकली, दुसरी संध्याकाळी. जिथं विचारावं तिथं माणूस म्हणायचा, ‘बेसो ने काका, शी उतावळ छे?’ बसा हो, घाई काय आहे. कुल्हडातला चहा इतका गरम की पटकन पिऊन उठताही येत नाही. राग होता, पण तो घेऊन किती फिरणार? पिशवीही जड होती. मी परत घंटीवर आलो.

कपिलाबेन सांडलेलं पीठ झाडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘आव्या? तुमचं जेवण झाकून ठेवलंय.’

मी मागच्या ओट्यावर जेवायला बसलो. तिथं तुळशीची कुंडी एका हाताच्या जात्यावर ठेवलेली होती. जेवण झालं, तसा मी कुंडी बाजूला केली आणि जात्याचा वरचा दगड उलटला.

कपिलाबेन म्हणाल्या, ‘अरे, ते माझ्या सासूचं. कधीपासून पडून आहे.’

त्याची टाकी जुनी होती, कोणाच्या हाताची ते कळायला मार्ग नाही. चर माझ्यासारखे नव्हतेच. मधल्या भोकापाशी रुंद आणि खोल, कडेकडे जाताना अरुंद होत गेलेले, थोडे वाकडे. धान्याला आत शिरायला जागा, मग हळूहळू दाटी. हाताचं जातं हळूच फिरतं. माझी आई हेच करत हिंडायची, आणि तिच्या हाताखाली चर कसा पडतो हे मी एकदाही नीट बघितलं नाही. मी मोटरकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड पुन्हा उलटा केला आणि ते जातं शेजारी ठेवून ठोकायला लागलो. ऋता आली, बघितलं, आणि तिनं काही विचारलं नाही. त्यासाठी मी तिला आजही मानतो. माझा हात सारखा जुन्या सवयीकडे जायचा, उथळ, सरळ. ओढून परत आणावा लागायचा. दोन वेळा दगडाचा टवका उडाला. ह्या वयात माझ्याकडून टवका उडाला, हे मी त्या गावाबाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

तीन वेळा लावून बघितली. पहिल्यांदा भरडा निघाला. दुसऱ्यांदा बरा. तिसऱ्यांदा घंटी तशीच म्हशीसारखी फिरत होती आणि कडेनं पीठ उतरत होतं, बारीक आणि मऊ. मी हात लावला. गार. का, ते मला सांगता येणार नाही. माझ्या शास्त्राप्रमाणे जे थांबतं ते तापतं. हे थांबत थांबत येत होतं आणि गार होतं. मी धवलला म्हटलं, ‘बघ, म्हटलं नव्हतं, माझी टाकी फसत नाही.’ तो हो म्हणाला. चांगला मुलगा आहे.

दिवाळीच्या आत घंटी चालू झाली. कपिलाबेननं सुरतेला फोन केला आणि मोटरपाशी धरून मुलीला आवाज ऐकवला.

उद्घाटनाला नारळ फुटला. एका गृहस्थांनी हळू जगण्यावर भाषण केलं, घाई हाच रोग आहे वगैरे. मग लोकांनी डबे रांगेत लावले आणि दळण सुरू झालं. आता हळू घंटी हळूच दळणार. थोड्या वेळानं तेच भाषणवाले गृहस्थ पुढं आले. ‘केटली वार, कपिलाबेन?’ म्हणजे किती वेळ? पुन्हा आले. ‘हजी केटली वार?’ शेवटी डबा तिथंच ठेवून निघून गेले. रांगेतल्या बायका मोबाईल बघत उभ्या. मला वाटलं, ह्यांना हळू पाहिजे, पण दुसऱ्यानं हळू व्हायला पाहिजे. तसं म्हणावं तर धवलच्या आजीसारख्या काहीजणी पाटावर बसून शेंगा सोलत, गप्पा मारत होत्या आणि मजेत होत्या. तेव्हा तेही खरं नाही.

कपिलाबेन मात्र सकाळपासून उभ्या. मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटली. लोक पांगल्यावर म्हटलं, ‘बेन, ही पोरं गेली की मी छोटी पुली बसवून देतो. भरभर दळून मोकळ्या व्हा. कोणाला कळणार आहे?’

मला वाटलं त्या खूश होतील. त्या म्हणाल्या, ‘ना भाई. हात नका लावू.’

‘का?’

‘पूर्वी मला ओरडल्याशिवाय बोलता यायचं नाही. तुमचे भाई गेले त्या दिवशी मी घंटीवर होते. आत हाक मारत होते म्हणे. मला ऐकू आलं नाही.’ त्यांनी पदरानं पीठ पुसलं. ‘आता ऐकू येतं. आणि ही स्टुलावर बसूनही चालवता येते. मी उभी होते ती आज माणसं आली म्हणून.’

भाई म्हणजे त्यांचा नवरा. मी जन्मभर घंट्या गरजायला लावल्या.

त्यानंतर अधूनमधून मी दगड बघायला जायचो. गाव थोडं मागं-पुढं होत होतं. कुल्हड महाग पडतात म्हणून एकदोघांनी पुन्हा काचेचे ग्लास काढले. बाजारात सकाळी वाहन नाही, हे मात्र टिकलं, कारण म्हाताऱ्यांना आवडलं. कपिलाबेनकडे गावातलं गिऱ्हाईक कमी आणि बडोद्याचं जास्त झालं. गोत्रीतल्या सोसायट्यांमधून मोबाईलवर मागणी यायची, हळू दळलेलं थंड पीठ, कापडी पिशवीत, आणि पाहिजे आजच्या आज. धवल मोटरसायकल पळवत पोचवायचा. एकदा मी त्याच्या मागं बसून आलो. उतरलो आणि म्हटलं, ‘अरे, पीठ हळू आणि तू असा?’ तो म्हणाला, ‘काका, ए तो बिझनेस छे.’ मला अजून हिशेब लागत नाही. माझ्या सूनबाईनंही एक पिशवी मागवली. घरात पेटी असताना. वर मला म्हणते, ‘बाबा, पोळी किती मऊ होते बघा.’ बोलण्यासारखं इतकं होतं की कुठून सुरू करावं ते कळेना.

पुढल्या दिवाळीनंतर कपिलाबेन दुकानाच्या पायरीवरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण शेजारणीनं सुरतेला फोन केला आणि भावना गाडी घेऊन आली. मी त्या दिवशी टाकीसाठी गेलेलो. काम संपवून ओट्यावर बसची वाट बघत होतो.

भावना वाईट मुलगी नव्हती. आईसाठी गुडघ्याचा पट्टा, गोळ्या, मऊ चप्पल घेऊन आलेली. आल्या आल्या आईचे पाय दाबत बसली. तिचे डोळे भरून आले होते. ‘बा, घंटी चालली, मान्य. पण तू पडलीस. रात्री पडली असतीस तर? चल माझ्याबरोबर. पिशवी भरली आहे मी.’

कपिलाबेन नाही म्हणाल्या नाहीत. पायाला पट्टा बांधून घेतला, उठल्या, स्टुलावर बसल्या आणि घंटी चालू केली. ‘आटलुं दळाई जाय एटले आवुं,’ म्हणाल्या. एवढं दळून झालं की येते.

भावना बसली. घंटी फिरत राहिली, तिच्या चालीनं. दुपार झाली. कपिलाबेननं मध्ये उठून लेकीला रोटला आणि वांग्याचा ओळो, म्हणजे भाकरी-भरीत, करून वाढला, पुन्हा येऊन बसल्या. भावना घड्याळ बघायची, गाडीपर्यंत जाऊन यायची. ‘बा, झालं का?’ ‘थाय छे, बेटा.’ होतंय.

शेवटी भावना माझ्याकडे आली. ‘काका, ह्या घंटीचे कारीगर तुम्हीच ना? ती छोटी पुली तिथं टांगलेली आहे. बसवून द्या ना. पटकन संपेल. अंधार व्हायच्या आत मला हायवेला लागायचं आहे.’

बरोबरच होतं तिचं. पुली बदलणं म्हणजे काय, पट्टा उतरवायचा, चढवायचा. मी उठलो. घंटीपर्यंत गेलो. कपिलाबेन माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या धान्यावर हात ठेवून बसल्या होत्या, जसं एखाद्या पोराच्या डोक्यावर ठेवतात.

मी भावनाला म्हटलं, ‘नाही होत, बेटा. ह्या टाकीला वेग चालत नाही. दगड फुटेल.’

खरं का खोटं, मला माहीत नाही. त्या टाकीवर वेग कधी करूनच बघितला नव्हता. गिऱ्हाईक घाईत आहे आणि मी थांबा म्हणतोय, असं माझ्या जन्मात घडलं नव्हतं. आणि ती पोरगी आईच्या काळजीनं आलेली. मी तिचं चांगलं केलं की वाईट, ह्याचा विचार मी मांजलपूरला बसून खूप केला. आई पुन्हा पडली तर?

भावना आणखी थोडा वेळ बसली. मग उठून कडेनं उतरणाऱ्या पिठाखाली हात धरला, बराच वेळ धरून ठेवला. आईला म्हणाली, ‘होळीला येते. तेव्हा काही ऐकणार नाही.’ पायरीवर जुनी गोणपाटं अंथरून, पाय घसरू नये अशी नीट दाबून बसवून मग गाडीत बसली.

गाडी वळेपर्यंत कपिलाबेन दारात होत्या. मग आत येऊन मोटर बंद केली. दगडावर धान्य ओततात त्या पेटीत अजून निम्मे गहू होते. मी म्हटलं, ‘हे कोणाचं दळण? संध्याकाळी कोणी न्यायला येणार का?’

‘मारुं ज छे,’ त्या म्हणाल्या. माझंच आहे.

मग माझं लक्ष गेलं. फळीखाली दुकानातला एकूण एक डबा पिठानं भरलेला, वर पिशव्या, त्याच्यावर परात. आणि मागच्या खोलीत गव्हाची कोठी उघडी. वर्षाच्या गव्हातला बराचसा त्यांनी दिवसभरात दळून काढला होता. मी ओट्यावरच बसलेलो, पण त्या कधी उठत होत्या, कधी ओतत होत्या, मला दिसलं नाही.

गहू वर्षभर टिकतात. पीठ महिन्याभरात जाळी धरतं, मग ते गार असो की गरम.

आम्ही दोघं त्या डब्यांकडे बघत उभे राहिलो.

‘हवे?’ त्या म्हणाल्या. आता?

मी मागं जाऊन आधी ती उघडी कोठी झाकली.